अक्कलदाढ खरंच पुढचे दात ढकलते का?

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे, सांगलीत इंजिनिअरिंगला शिकते. आठवीत तिच्या दातांना तारा लावल्या होत्या, दहावीच्या आधी काढल्या. तेव्हा दात अगदी सरळ झाले होते. आता खालचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढायला लागलेत. ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये खालच्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या दिसतात. ‘त्याच पुढच्या दातांना ढकलताहेत, चारही काढून टाका,’ असं आम्हाला सांगितलं. मोठ्या जाऊबाईंच्या मुलीच्याही अशाच काढल्या होत्या. हिला दुखत मात्र काहीच नाही. मे महिन्याच्या सुट्टीत काढून घ्याव्यात का?
— एक आई, तासगाव

उत्तर : ताई, दाढांचं नंतर बघू. आधी घरात एक डबी शोधा. तारा काढल्या तेव्हा मुलीला प्लास्टिकची प्लेट दिली असेल, पारदर्शक नाहीतर पुढे बारीक तार असलेली. तिला रिटेनर म्हणतात. माझ्या दवाखान्यात अशी तक्रार घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न तोच असतो : रिटेनर कुठाय? त्यावर आई मुलीकडे बघते आणि मुलगी छताकडे. कुणाची डबी बोर्डाच्या परीक्षेच्या गडबडीत कपाटात गेलेली असते, कुणी हॉटेलात जेवताना रिटेनर टिश्यूत गुंडाळून ठेवलेला असतो आणि तो खरकट्याबरोबर गेलेला असतो.

दात हाडात घट्ट रुतून बसलेला नसतो, बारीक तंतूंनी धरून ठेवलेला असतो. तारांनी दात सरकवला तरी हिरडीतले ताणलेले तंतू त्याला बरेच दिवस जुन्या जागी ओढत राहतात. त्यात आणखी एक गोष्ट तारा लावलेल्या, न लावलेल्या सगळ्यांच्याच तोंडात घडते. वय वाढेल तशी खालच्या दातांची कमान थोडी आखडते, सुळ्यांमधलं अंतर कमी होतं आणि पटाशीचे दात दाटीवाटीनं उभे राहतात. सतरा-अठरापासून हे दिसायला लागतं. अक्कलदाढाही त्याच सुमाराला वर येऊ पाहतात, म्हणून आळ त्यांच्यावर. ज्यांना जन्मतः अक्कलदाढाच नाहीत, त्यांचेही खालचे दात असेच वाकडे होतात.

एसटीच्या बाकावर चौथा माणूस घुसला की कडेचा खाली घसरतो, तसंच तोंडातही होत असणार, असं एक्स-रे बघून कुणालाही वाटेल. हे तपासूनही झालं आहे. १९९१ साली छापून आलेल्या एका प्रयोगात दातादातांमधली घट्टपणाची मोजणी केली, मग एकाच बाजूची अक्कलदाढ काढून पुन्हा मोजली. घट्टपणा कमी झाला, पण दोन्ही बाजूंना सारखाच. म्हणजे तो दाढ काढल्यानं कमी झाला नव्हता, रुग्ण खुर्चीत आडवा झाल्यानं झाला होता! पुढे १९९८ मध्ये इंग्लंडमधली चाचणी आली. तारांचे उपचार संपलेल्या मुलामुलींपैकी काहींच्या अक्कलदाढा काढल्या, काहींच्या ठेवल्या आणि सुमारे साडेपाच वर्षांनी दात पुन्हा मोजले. फरक जेमतेम मिलिमीटरभर. चाचणीत घेतलेल्या १६४ जणांपैकी शेवटी ७७च परत आले, ही तिची लंगडी बाजू आहेच. तरी नुसती दाटी टाळायला दाढ काढणं योग्य नाही, हा तिचा निष्कर्ष मला पटतो. निरोगी, हाडात गप्प बसलेल्या अक्कलदाढा उगाच काढू नयेत, अशी सूचना ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेनं २००० सालीच दिली.

मग काढायची कधी? दाढ अर्धी बाहेर, अर्धी हिरडीच्या टोपीखाली असेल तेव्हा त्या टोपीखाली भडंगातल्या दाण्याची साल जाऊन बसते. ब्रश तिथे पोचत नाही. हिरडी सुजते, तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही, घोट गिळताना कानापर्यंत कळ जाते. हे वारंवार होत असेल तर काढा. आडवी दाढ पुढच्या दाढेवर टेकून तिला मागून किडवत असेल तर नक्की काढा, कारण पुढची दाढ आयुष्यभर चावायच्या कामाची. दाढेभोवती पाण्याची गाठ झाली असेल तरीही काढावीच लागते. कमी वयात मुळं पूर्ण वाढलेली नसतात, जखमही लवकर भरते, म्हणून ‘काढायची तर लवकर’ या म्हणण्यात तथ्य आहे. पण खालच्या अक्कलदाढेच्या मुळाशी ओठ-हनुवटीची संवेदना नेणारी नस असते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो, बहुधा काही दिवसांपुरता, क्वचित कायमचा. नुसत्या संशयावरून मी तो धोका पत्करणार नाही.

तुम्ही एवढं करा. जुना रिटेनर सापडला आणि सहज बसला तर रोज रात्री लावायला सांगा. बसत नसेल तर जोर लावू नका, नवं माप द्या. दात जास्त चढले असतील तर थोड्या महिन्यांच्या तारा किंवा अलाइनर, म्हणजे दात सरकवणाऱ्या पारदर्शक प्लेट्स, लावून सरळ करता येतात. नंतर आतल्या बाजूनं बारीक तार कायमची चिकटवून घेता येते. रिटेनर गरम पाण्यानं धुवू नका, वाकडा होतो. आणि एक्स-रे जपून ठेवा. अक्कलदाढांवर लक्ष ठेवायचंच आहे, वर्षा-दीड वर्षानं दाखवत जा.

प्रश्न : वय ५४. माझ्या चारही अक्कलदाढा तिशीतच काढल्यात. तरी खालचे दात दाटलेत आणि वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडलीय. असं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : वरच्या ताईंनी तुमचं पत्र जरूर वाचावं! खालची दाटी वयाची. वरची फट मात्र मला आवडलेली नाही. चाळिशीनंतर नव्यानं फट पडली की बऱ्याचदा हिरडीच्या आजारानं हाड झिजलेलं असतं. मिसरी, तंबाखू, वाढलेली साखर, सगळं त्यात भर घालतं. अक्कलदाढांशिवाय मागच्या इतर दाढाही काढून तिथे काही बसवलं नसेल तर चावायचा सगळा भार पुढच्या दातांवर येतो आणि ते पसरतात. आधी हिरड्या तपासा, रक्तातली साखर बघा. हिरडी बरी झाल्याशिवाय कुणी तारा लावू म्हणालं तर नको म्हणा.

प्रश्न : वरची दाढ काढली की नजर जाते, असं सासूबाई म्हणतात. खरं आहे का?
— एक वाचक, विटा

उत्तर : नाही. दाताची कळ नेणारी नस वेगळी, बघण्याची नस वेगळी. दाढा काढायची वेळ पुष्कळांवर चाळिशीत येते आणि चष्माही तेव्हाच लागतो, एवढाच संबंध. उलट वरच्या दाढेचा पू तसाच राहिला तर सूज डोळ्याखाली चढू शकते, तेव्हा किडलेली दाढ सांभाळत बसू नका. काढायला जाताना बीपीची, साखरेची आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. ती आपल्या मनानं बंद करू नका आणि उपाशीपोटीही जाऊ नका.