पहिलीच्या मुलांच्या हाती रंग देताना

पहिल्याच तासाला बारा रंगांचा डबा उघडू नका. लाल, पिवळा, निळा आणि थोडा पांढरा, एवढं पुष्कळ झालं. पिवळ्यात निळ्याचा थेंबभरच टाकायला सांगा. उलट केलंत तर निळा पिवळ्याला गिळून टाकतो. हिरवा उमटला की मूल ओला ब्रश तसाच धरून शेजारच्याला हाक मारतं. त्या क्षणी मध्ये बोलू नका.

फळ्यावर नमुना काढून देऊ नका, सगळ्या वर्गाची चित्रं एकसारखी येतात आणि मला ते बघवत नाही. आकाशाची निळी पट्टी कागदाच्या वरच्या कडेलाच काढली, तर ती चूक नव्हे. सहा-सात वर्षांची मुलं तसंच काढतात. "हे काय आहे?" असं न विचारता "याबद्दल सांग ना" म्हणा. आणि हो, आवरायला दहा मिनिटं राखून ठेवा.