मायकल ओंडाट्जे मुळात कवी की कादंबरीकार? त्याचं वाचायला कुठून सुरुवात करावी?

आधी नाव. इंग्रजी स्पेलिंगमुळे आपल्याकडे ‘ओंडाट्जे’ रूढ झालंय, पण उच्चार ‘ओंडाची’च्या जवळ जातो. पुढे तसंच लिहितो.

तुम्ही म्हणता की त्याची ‘द इंग्लिश पेशंट’ ही कादंबरी पन्नास पानांत सोडली, कारण कोण कुठे आहे तेच कळेना. हे बऱ्याच जणांचं होतं, आणि कारण तुमच्या प्रश्नातच आहे. हा माणूस मुळात कवी. पण म्हणून कवितासंग्रहापासून सुरुवात करू नका. १९८२ चं ‘रनिंग इन द फॅमिली’ घ्या.

ओंडाची १९४३ साली कोलंबोत जन्मला, १९५४ मध्ये इंग्लंडला गेला आणि १९६२ मध्ये कॅनडाला. १९७८ आणि १९८० मध्ये त्याने श्रीलंकेच्या दोन फेऱ्या केल्या, त्यांतून हे पुस्तक निघालं. दारूत बुडालेले वडील, इरसाल आजी लाला, नातेवाइकांच्या तिखटमीठ लावलेल्या गप्पा. सगळं लहान लहान तुकड्यांत. मधेच गद्य थांबतं आणि कविता येते. दालचिनी सोलणाऱ्याची प्रसिद्ध कविता इथेच आहे: नवऱ्याच्या हाताचा दालचिनीचा वास बायकोच्या अंगाला असा लागलाय की बाजारात कुणीही तिला ओळखावं. पुढे त्याच्या निवडक कवितांच्या संग्रहाला याच कवितेचं नाव मिळालं. हा तुकड्यांचा खेळ इथे विनोदाच्या अंगाने येतो, म्हणून पचतो. सवय होते.

त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांकडे नंतर वळा. पहिला कवितासंग्रह १९६७ चा, टोरांटोच्या कोच हाउस प्रेसचा. अमेरिकन बंदूकबाज गुन्हेगार बिली द किडवरचं १९७० चं ‘द कलेक्टेड वर्क्स ऑफ बिली द किड’ उघडलं की फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसते. थोड्याच अंतरावर मारल्या गेलेल्यांची यादी. मग कविता, गद्य, जुने फोटो, वर्तमानपत्री मुलाखतीचं सोंग. याला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला (एकूण पाच मिळाले, त्यांतला पहिला). १९७६ चं ‘कमिंग थ्रू स्लॉटर’ न्यू ऑर्लिन्सच्या बडी बोल्डनवर आहे. या जॅझ वादकाचं एकही ध्वनिमुद्रण उरलेलं नाही, त्यामुळे वादन कसं होतं ते सगळं वाक्यांच्या लयीतून ऐकवावं लागतं. माझ्या मते त्याचं सर्वांत धाडसी पुस्तक हेच. नावातलं ‘स्लॉटर’ म्हणजे कत्तल नव्हे, लुइझियानातलं गाव.

आता ‘पेशंट’. त्याआधी १९८७ ची ‘इन द स्किन ऑफ अ लायन’ वाचाच. टोरांटोचा ब्लूर स्ट्रीटवरचा पूल आणि पाणी शुद्धीकरण केंद्र बांधणारे स्थलांतरित मजूर, हा तिचा विषय. अर्धवट बांधलेल्या पुलावरून रात्री वाऱ्याने एक ख्रिस्ती जोगीण (नन) खाली पडते आणि दोराला लटकून काम करणारा मजूर तिला हवेतच झेलतो. त्याचा खांदा निखळतो. हाना (‘पेशंट’मधली नर्स) आणि चोर काराव्हाज्जो इथूनच ‘पेशंट’मध्ये जातात. ही ओळख नसेल तर ‘पेशंट’मधला काराव्हाज्जो उगाच टपकल्यासारखा वाटतो.

‘पेशंट’ची सुरुवात नुसत्या ‘ती’ने होते, नाव बऱ्याच पानांनी कळतं. मागे जाऊन शोधत बसू नका, तिथेच दम जातो. प्रकरणं दहा आहेत. चौथं, पाचवं, सहावं आणि नववं मुख्यतः वाळवंटाचं. सातव्यात किप, म्हणजे बॉम्ब निकामी करणारा शीख सॅपर किर्पाल सिंग, इंग्लंडमध्ये ते काम शिकतो. बाकीचा मुक्काम प्रामुख्याने इटलीतल्या पडक्या व्हिलात, १९४५ साली. हे पेन्सिलने अनुक्रमणिकेसारखं लिहून ठेवलं तरी पुरतं. आणि रुग्णाजवळच्या हेरोडोटसच्या (प्राचीन ग्रीक इतिहासकार) ग्रंथाच्या प्रतीवर लक्ष ठेवा: तिच्यात त्याने इतर पुस्तकांची पानं कापून चिकटवलीत, स्वतःच्या नोंदी लिहिल्यात. ओंडाची पुस्तक कसं रचतो, ते ती प्रत पाहिली की कळतं.

सिनेमा (१९९६, नऊ ऑस्कर) पाहिला असेल तर एक फसगत होते. पडद्यावर ती प्रेमकथा आहे. पुस्तकात शेवट किपचा आहे: रेडिओवर हिरोशिमाची बातमी ऐकून तो सगळं सोडून निघतो. सिनेमात हे नाहीच. पण त्या सिनेमाचा एक फायदा झाला. त्याचा संकलक वॉल्टर मर्च याच्याशी केलेल्या गप्पांचं पुस्तक ओंडाचीने २००२ मध्ये काढलं. मराठीत कविता गोळा करण्यालाही संकलन म्हणतात आणि फिल्म कापून जोडण्यालाही. त्याच्या बाबतीत दोन्ही कामं खरंच एक आहेत. लिहिणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं.

‘पेशंट’ला १९९२ चं बुकर बॅरी अन्सवर्थ या कादंबरीकारासोबत विभागून मिळालं. त्या पैशातून ओंडाचीने श्रीलंकेतल्या इंग्रजी लेखनासाठी पुरस्कार सुरू केला, आईच्या माहेरच्या आडनावाने: ग्रेशियन. २०१८ मध्ये वाचकांच्या मतांवर गोल्डन बुकरही (पन्नास वर्षांच्या बुकर विजेत्यांतून निवडलेलं) याच कादंबरीला मिळालं.

पुढे ‘अनिल्स घोस्ट’ (२०००) श्रीलंकेतल्या यादवीसाठी वाचा, तीत अनिल ही बाई आहे. सरळ गोष्ट हवी असेल तर ‘द कॅट्स टेबल’ (२०११). ‘डिव्हिसादेरो’ मात्र सगळ्यांत शेवटी ठेवा. ती अर्ध्यावर कॅलिफोर्नियातली माणसं सोडून फ्रान्समधल्या एका लेखकाच्या मागे लागते, आणि त्या माणसांचं पुढे काय झालं याची वाट पाहाल तर पुस्तक संपून जाईल.