माती परीक्षणाचे वाचलेले पैसे कुठे गुंतवू?

प्रश्न: समुद्रकिनाऱ्याजवळ दुमजली घर बांधतोय. एकूण खर्च १०० धरला, तर ६० गृहकर्ज (व्याज ९ टक्के) आणि ४० स्वतःचे. सगळी बचत त्यातच आली. इंजिनिअरने सांगितलेल्या माती परीक्षणाला १ लागणार होता. पण कॉन्ट्रॅक्टरने सळई ठोकून पाहिली, वाळू घट्ट आहे म्हणाला, शेजाऱ्यासारखाच पाया घालू. जागा सखल होती, ८ वर्षांपूर्वी भराव टाकलाय, तो आता बसला असेल. वाचलेला १ ‘दहा वर्षांत दुप्पट’ देणाऱ्या विमा पॉलिसीत टाकू, की कर्जात भरू?

उत्तर: विचारलंत त्याचं आधी उरकतो. पैसे दुप्पट व्हायचा ढोबळ नियम असा: ७२ ला वर्षांनी भागलं की व्याजाचा दर मिळतो. ७२ ला १० ने भागा. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जेमतेम ७ टक्के. डोक्यावर ९ टक्क्यांचं कर्ज असताना ७ टक्क्यांच्या मागे कशाला धावायचं? शिवाय ‘दुप्पट’ हा शब्द पॉलिसीच्या कागदावर आहे, की नुसता एजंटच्या तोंडी? विमा हवाच असेल तर कर्जाच्या रकमेइतका साधा टर्म इन्शुरन्स घ्या.

पण तो १ वाचलेलाच नाही. तुमचे शंभरच्या शंभर एका सळईवर उभे आहेत.

सळई फार तर मीटर-दीड मीटर जाते. घराचं वजन त्याच्या कितीतरी खाली पोचतं. किनाऱ्यालगत वर घट्ट वाळू आणि खाली लोण्यासारखी मऊ चिकणमाती असं अनेकदा असतं. सळईला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून बोअर, म्हणजे जमिनीत खोल भोक, घेऊन साधारण दर दीड मीटरला ६३.५ किलोचा हातोडा सुमारे ७५ सेंमीवरून सोडतात. नमुन्याची नळी ४५ सेंमी आत जाईपर्यंत ठोके मोजायचे, पहिल्या १५ सेंमीचे सोडून द्यायचे, उरलेल्या ३० सेंमीचे ठोके म्हणजे ‘एन’. वाळूत एन १० च्या आत असेल तर ती सैल, ३० च्या वर गेला तर घट्ट. सैल वाळू पाण्याने भरलेली असेल तर भूकंपात ती पातळ होते. १९६४ साली जपानच्या निइगाता शहरात राहत्या इमारती अख्ख्याच्या अख्ख्या कलंडल्या त्या अशाच.

चाचणीही नीट करून घ्यावी लागते. बोअरमधलं पाणी खाली जाऊ दिलं, तर तळाची वाळू उसळून सैल होते आणि एन खोटाच कमी येतो. मग नको तेवढा महाग पाया तुमच्या गळ्यात. मऊ चिकणमातीत तर एनवर फार विसंबायचंच नाही. तिथे कोन (शंकूचं टोक मातीत दाबून) किंवा व्हेन (पाती मातीत फिरवून) चाचणी करा आणि न हललेला नमुना प्रयोगशाळेत पाठवा. भूजलातलं क्लोराइड आणि सल्फेटही तपासा, गज आणि काँक्रीट दोन्ही त्यावर अवलंबून आहेत.

‘भराव बसला असेल’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. भराव स्वतः बसला असेलही. पण त्याच्या ओझ्याखालची चिकणमाती पाणी सोडत वर्षानुवर्षं, कधी दशकानुदशकं दबत राहते. पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर जाणारे खांब, घातले तरी ही खचणारी माती त्यांना चिकटून खाली ओढते, आणि तो भार हिशेबात धरावा लागतो.

आता हिशेब. पायाला १२ धरू. माहिती नाही म्हणून भीतीपोटी तो १६ चा केला, तर ४ गेले. कमी पडला आणि घर एका बाजूने खचलं, तर दुरुस्तीचे २० धरा. ते आणणार कुठून? ४० घरात गेले, हप्ता थांबत नाही, आणि नव्या बांधकामाचं बसणं-तडकणं बहुतेक गृहविम्यांत वगळलेलं असतं.

तेव्हा निदान दोन बोअर घ्या, आणि ती किती खोल न्यायची ते इंजिनिअरला ठरवू द्या, पैसे वाचवणाऱ्याला नको. कॉन्ट्रॅक्टरशी करार अहवाल हातात आल्यावर. वरच्या मजल्याचं फिनिशिंग पुढे ढकला आणि त्यातून ६-७ तरी बाजूला ठेवा, कारण सगळी बचत विटांत घालणं ही या पत्रातली दुसरी चूक आहे.

शेजाऱ्याकडे माती अहवाल असेल तर मागून वाचा, तुमच्या बोअरऐवजी मात्र वापरू नका. नसेल, तर नक्कल कशाची करताय ते त्याच्या भिंती जवळून पाहून या.