घरामागचा डोंगर, अनोळखी वाट

प्रश्न : ताई, मी गोडोलीत राहते, वय ४१. तीन वर्षं यवतेश्वरच्या घाटरस्त्याने पळते, सातारा हिल हाफ मॅरेथॉनही केली. आता डांबरावर मन लागत नाही. अजिंक्यतारा किल्ल्याच्या अंगावर कितीतरी पायवाटा दिसतात. पण चुकले तर, या भीतीने पाय वळत नाहीत. मिस्टर म्हणतात, एकटी जाऊ नकोस. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जरूर जा, फक्त पहिल्या दिवशी पळू नका. नवी वाट मी आधी चालून बघते. गड शहरापासून साधारण ३०० मीटरच उंच, खाली कुठे ना कुठे घरं दिसतातच. तिथे हरवण्यापेक्षा अडकण्याची भीती जास्त.

मी अडकले आहे. ऑक्टोबर होता, गवत कमरेएवढं. बोगद्याच्या बाजूची सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत आलेली धार, धरली. मळलेली वाटली ती वाट गुरांची निघाली. आडवी जात राहिली, तिला फाटे फुटले आणि सगळे गवतात विरले. मागे फिरायचं सोडून, खाली दिसणाऱ्या रस्त्याच्या ओढीने मी घळीत उतरले. पुढे कातळ तुटलेला. रस्त्यावरची माणसं दिसत होती आणि मला ना उतरता येत होतं, ना धड चढता. हाताला येईल ते झुडूप धरत वर यायला पाऊण तास गेला.

तेव्हापासून वाट नीट बघते. ढोरवाटा उताराला आडव्या, एकीखाली एक अशा जातात आणि चरायच्या जागी संपतात. माणसांची वाट देवळाकडे, पाण्याकडे, खिंडीकडे निघालेली असते. तिच्यावरचे दगड घासून गुळगुळीत झालेले असतात. गुराखी भेटला तर “वाट आहे का?” विचारू नका, तो हो म्हणेल आणि त्याला ती जमेलही. “पावसात तुम्ही कुठनं उतरता?” असं विचारा.

चढायचं अनोळखी वाटेने, उतरायचं ओळखीच्या. चढताना अडचण समोर दिसते, उतरताना कड्याशी पोचल्यावरच कळते. तुम्ही गोडोलीकडून चढा आणि गाडीरस्त्याने खाली या. वाटेची शंका आली की शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत.

मिस्टरांचं म्हणणं मला पटतं. नव्या वाटेवर पहिल्या खेपेला सोबत हवीच. उजाडल्याशिवाय निघू नका, या डोंगरावर बिबट्या दिसलेला आहे. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, तेव्हा घाटरस्ताच बरा. जानेवारी-फेब्रुवारीत गवत वाळून आडवं होतं, वाटा उघड्या पडतात. कुसळं मात्र छळतात, तेव्हा मोजे लांब घाला.

कासच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, मात्र नवी वाट अजिबात शोधू नका. तिथे कातळावर मातीचा जेमतेम थर आहे आणि सगळी फुलं त्यावरच जगतात.

पाणी घरूनच न्या, लिटरभर तरी. गडावर तळी आहेत, पण त्यांच्या भरवशावर चढू नका.