पस्तिशीत ॲस्पर्जरचं निदान करून घ्यावं का? कसं?

तुम्ही लिहिलंय की नोकरी नीट चालू आहे, पण माणसांत गेलं की पार गळून जायला होतं, आणि ऑनलाइन चाचणीत गुण खूप आले. मी चाळिशीच्या उंबरठ्यावर पुण्यात ॲस्पर्जरचं, म्हणजे ऑटिझमच्याच (स्वमग्नतेच्या) एका प्रकाराचं, निदान करून घेतलं. माझं मत विचाराल तर नक्की जा.

अहवालावर मात्र बहुधा 'ऑटिझम स्पेक्ट्रम' असं लिहिलेलं येईल. २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरतात त्या अमेरिकी पुस्तिकेत, ॲस्पर्जर वेगळा धरत नाहीत. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर कागद वाचून घाबरतात.

तुमची चाचणी ५० प्रश्नांची एक्यू असावी, म्हणजे ऑटिझमची लक्षणं किती आहेत ते स्वतःच उत्तरं देऊन पाहायची प्रश्नावली. तिच्यावरून निदान होत नाही. नुसती सामाजिक भीती असली तरी गुण वाढू शकतात. खरी मदार असते ती लहानपणावर, कारण ही लक्षणं तेव्हापासून असावी लागतात. त्यामुळे शक्य असेल तर आईला किंवा मोठ्या बहिणीला सोबत न्या. पण "मी वेगळा होतो का गं?" असं विचारू नका. "छे, किती शहाणं बाळ होतं!" एवढंच उत्तर येईल. बारीकसारीक विचारा. बोलायला कधी लागलो? लग्नकार्यात कुठे जाऊन बसायचो? भाजीचा रस भाताला लागला तर जेवायचो का? माझ्या आईला तेव्हा आठवलं, की आरतीला झांजा वाजायला लागल्या की मी कान दाबून मागच्या अंगणात पळायचो, आणि पाहुण्यांना एसटीचं अख्खं वेळापत्रक म्हणून दाखवायचो. तिच्या लेखी ते सगळं कौतुकाचंच होतं! जुनी प्रगतिपुस्तकंही शोधा, शिक्षकांचे शेरे फार कामाला येतात.

वेळ घेतानाच फोनवर विचारा, "मोठ्या माणसांचं ऑटिझमचं मूल्यमापन करता का?" पुष्कळ ठिकाणी फक्त मुलांचंच करतात. मानसोपचारतज्ज्ञ किंवा आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठा. "नोकरी करता, लग्न झालंय, मग कसला ऑटिझम?" असं पाच मिनिटांत कुणी म्हणालं तर दुसरीकडे जा. मलाही जावं लागलं.

ऑफिसात सांगायचं की नाही हे तुमच्या हातात आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हा निराळा मामला. त्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी तपासणी असते, निदानासाठी त्याची गरज नाही.

आणि एडीएचडीही (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) तपासायला सांगा. दोन्ही बरेचदा एकत्र असतात. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही, एडीएचडीवर आहे.