पाण्यातला कॉलरा, रुग्णातला कॉलरा: प्रकल्पाचा विषय जरा आवळा

पत्र थोडक्यात: लेक एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रुग्णांकडून आणि खाडीच्या पाण्यातून मिळालेल्या व्हिब्रिओ कॉलरीची (कॉलराच्या जंतूची) रोगकारक ताकद तिला तोलायची आहे. हातात पाच महिने आहेत. यात जिवाला धोका नाही ना, आणि पुढे नोकरीचं काय? – एक आई, डोंबिवली

ताई, आधी धोक्याचं. हा जंतू तोंडावाटे जातो. बायोसेफ्टी लेव्हल २ची (मध्यम धोक्याच्या जंतूंसाठीची) लॅब, ग्लोव्हज, तोंडाने पिपेट न ओढणं आणि जंतू वाढवलेल्या प्लेट्स १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करणं (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणं), एवढं कटाक्षाने पाळलं की काम सुरक्षित होतं. ग्लोव्हजच्या हाताने मोबाईल उचलायचा नाही, हे मात्र तिला बजावा. पोरं तिथेच चुकतात.

मला काळजी आहे ती विषयाची. रुग्णांचे नवे नमुने घ्यायचे तर एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि तिच्यातच महिने जातात. म्हणून गाइडमार्फत रुग्णालयाच्या साठ्यातले स्ट्रेन्स (वेगवेगळ्या नमुन्यांतून वेगळे काढलेले जंतूंचे वाण) मागावेत. पण तिथेही मेख आहे. वर्षानुवर्षं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा पुन्हा स्ट्रीक केलेला (नव्या प्लेटवर ओढून वाढवलेला) स्ट्रेन बदललेला असू शकतो, खाडीतला मात्र कालचा ताजा. ती तुलना खोटी ठरते. रुग्णांचे स्ट्रेन्स उणे ८० अंशांवरच्या ग्लिसरॉल स्टॉकमधूनच (ग्लिसरॉलमध्ये गोठवलेल्या साठ्यातूनच) घ्यावेत आणि दोन्हीकडचे पॅसेज (किती वेळा नव्याने वाढवलं ती संख्या) सारखे ठेवावेत.

दुसरं असं, की पाण्यातले बहुतेक स्ट्रेन्स ओ१ किंवा ओ१३९ (कॉलराच्या साथी आणणारे दोन प्रकार) नसतात आणि कॉलराचं विष बनवणारे सीटीएक्स जीन्स त्यांच्यात सहसा नसतात. हे जीन्स एक बॅक्टेरिओफाज (जंतूंना लागण करणारा विषाणू) वाहून आणतो, हे १९९६ साली दाखवलं गेलं. म्हणजे नुसती त्यांची पीसीआर (जीन आहे का ते पाहणारी चाचणी) केली, तर जगाला ठाऊक असलेलंच उत्तर येणार. त्यापेक्षा हे विष नसलेल्या पाण्यातल्या स्ट्रेन्समध्ये हिमोलिसिनचा (रक्तपेशी फोडणाऱ्या विषाचा) जीन आहे का आणि ब्लड अगारवर (रक्त मिसळलेल्या माध्यमावर) तो खरंच काम करतो का, एवढंच विचारावं. पीसीआर पॉझिटिव्ह आणि प्लेटवर मात्र वसाहतीभोवती (जंतूंच्या ठिपक्याभोवती) रक्तपेशी फुटल्याचं स्वच्छ वलय नाही, असे स्ट्रेन्स मिळाले तर तोच तिचा खरा निष्कर्ष. जीन असणं म्हणजे रोगकारक असणं नव्हे.

आता खाडीच्या पाण्याचं. नमुना बर्फात ठेवू नये, थंडीत व्हिब्रिओ वाढेनासा होतो. खाडीचं पाणी गढूळ असल्याने ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर लवकर चोंदतो, तेव्हा थोडं थोडं गाळावं. मग फिल्टर पीएच ८.६च्या अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये (व्हिब्रिओ वाढवणाऱ्या द्रवात) ३७ अंशांवर ६ ते ८ तास ठेवावा आणि न हलवता वरच्या थरातूनच लूप (तारेची कडी) भरून घेऊन टीसीबीएसवर (व्हिब्रिओसाठीच्या खास माध्यमावर) स्ट्रीक करावं. पिवळ्या वसाहती सगळ्या कॉलरीच्या नसतात. जंतू ओळखायची ऑक्सिडेज चाचणी टीसीबीएसवरून थेट केली तर सुक्रोजपासून झालेल्या आम्लाने ती खोटी निगेटिव्ह येते. आधी वसाहत न्यूट्रियंट अगारवर (साध्या माध्यमावर) वाढवून घ्या. आणि एका प्लेटवरच्या दहा वसाहती म्हणजे दहा स्ट्रेन्स नव्हेत, बऱ्याचदा तो एकच क्लोन असतो.

नोकरी? हेच हात एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त पाणी-तपासणी लॅबला हवे असतात. तिथे आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) वाचता येणं लागतं. पीएचडीकडे वळायचं तर सीएसआयआर-नेट किंवा डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) जेआरएफ, म्हणजे संशोधन शिष्यवृत्तीची, परीक्षा आहे. कॉलरावरच काम करायचं असेल तर कोलकात्याची आयसीएमआरची जंतुसंसर्ग संशोधन संस्था (निर्बी, पूर्वीची नाइसेड) बघावी. परळची हाफकिन संस्था तर घराजवळच आहे.

तिने सोमवारी गाइडला एवढंच विचारावं: साठ्यातल्या स्ट्रेन्सच्या कुप्यांवर तारीख आणि पॅसेज नंबर लिहिलेला आहे का?