रानबेडकाच्या आतड्यातले जंत खाणाऱ्याला होतात का?

सहसा नाही, बेडकाच्या आतड्यात सापडणारे बहुतेक गोल जंत माणसात टिकत नाहीत, आणि साफ करताना आतडं फेकलंच जातं. खरी भानगड मांडीत असते, म्हणजे नेमकी खायच्या भागात. स्पायरोमेट्रा या पट्टकृमीची अळी तिथल्या मांसात दडते: पांढरी, चपटी, सुरकुतलेली, दोऱ्याच्या तुकड्यासारखी. घाईत ती शीर समजून सोडून दिली जाते. मांस कच्चं राहिलं तर ही अळी माणसाच्या कातडीखाली, डोळ्यात, क्वचित मेंदूतही पोचते. परजीवीशास्त्रात या आजाराला स्पार्गानोसिस म्हणतात. चीन-व्हिएतनामकडे दुखऱ्या डोळ्यावर बेडकाचं कच्चं मांस बांधायचे, त्यातूनही तो झालेला आहे. मांस हाडापर्यंत नीट शिजलं की अळी मरते. लिंबू-व्हिनेगरात मुरवण्यावर मात्र भरवसा नको, आणि ज्या सुरीने बेडूक कापला तिनेच कोशिंबीर चिरू नका.

फक्त एक, गोव्यातल्या पावसाळी 'जंपिंग चिकन'साठी, म्हणजे तिथे खाल्ल्या जाणाऱ्या बेडकाच्या मांसासाठी विचारत असाल तर जंत हा पुढचा प्रश्न झाला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो बेडूक पकडणं हाच मुळात गुन्हा आहे.